शाई तुमची, सही माझी

होडीत पाय ठेवला की भाऊसाहेब पाढे म्हणायला लागायचे. साधे नव्हेत, पावकी, निमकी, पाऊणकी. डोळे घट्ट मिटलेले, दप्तराची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली आणि ओठ सारखे हलताहेत. दिघीहून लाँचनं आगरदांड्याला जायचं असो, नाहीतर आमच्या खाडीतली वल्ह्याची होडी असो, पलीकडचा चिखल पायाला लागेपर्यंत पाढे चालूच. माणूस देशावरचा. उभ्या जन्मात पाण्याशी संबंध आलेला तो विहिरीवरच्या पोहऱ्यापुरता. आणि सरकारनं त्यांची बदली केली कुलाबा जिल्ह्यात, जिथं तेव्हा अर्ध्या गावांना पाण्यावरूनच वाट होती. होडीवाला मुद्दाम विचारायचा, "भाऊसाहेब, आज कुठवर आलात?" ते डोळे न उघडता सांगायचे, "एकोणतीस पाऊणेपर्यंत. बोलू नका, चुकेन."

मी नागावचा. नारळी-पोफळीत वाढलेला, पाण्याला न घाबरणारा. मला त्यांचं हसू यायचं. एकदा म्हटलंसुद्धा, "एवढी भीती वाटते तर पक्षकारांना कचेरीत बोलवावं. बाकीचे अधिकारी तेच करतात."

भाऊसाहेब म्हणाले, "पक्षकार येतील हो. जमीन येते का कचेरीत?"

तसं आमच्या तालुका कचेरीत लोक प्रत्येकच कारकुनाला भाऊसाहेब म्हणत. मलाही म्हणत. पण कुणी नुसतं "भाऊसाहेब आलेत" असं म्हटलं, की ते म्हणजे हेच. हुद्द्यानं अव्वल कारकून. त्यांच्याकडे शेतजमिनीच्या न्यायाधिकरणाचं काम दिलेलं होतं आणि त्यांच्या हाताखालचा लिहिणारा मी. कुळकायदा आला होता. जो कसतो तो मालक, असं कायद्यानं ठरवलं होतं. पण फुकट नव्हे. जमिनीची किंमत न्यायाधिकरणानं ठरवायची, कुळानं ती वर्षावर्षाच्या हप्त्यांनी फेडायची, आणि शेवटचा हप्ता फिटला की सरकारनं त्याच्या हातात खरेदीचा दाखला द्यायचा. कागदावर हे इतकं सोपं. प्रत्यक्षात मालक म्हणायचा पैसे आले नाहीत, कूळ म्हणायचं दिले. मालक म्हणायचा खंड थकलाय, कूळ म्हणायचं भात घालून आलो. पावती कुणाकडेच नाही. पिढ्यान्‌पिढ्या शब्दावर चाललेला व्यवहार एकाएकी कागदावर आणायचा, आणि तो आणायचा कुणी, तर आम्ही दोघांनी.

भाऊसाहेबांच्या सुनावणीची पद्धत जिल्ह्यात कुठंच नव्हती. खुर्ची-टेबल नाही. ज्या जमिनीचा वाद, तिच्या बांधावर गोणपाट टाकून बसायचे. पायांतल्या वहाणा काढून बाजूला. मालकानं आणि कुळानं आधी शेताला एक फेरी मारून यायची, दोघांनी एकत्र, न बोलता. मग बसायचं. आणि बसल्यावर पहिला नियम असा, की प्रत्येकानं आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं. "तुमची बाजू मला ठाऊक आहे, अर्जात आहे. ह्यांचं काय म्हणणं आहे ते सांगा." लोक चक्रावायचे. एक मालक चिडून म्हणाला, "त्याचं म्हणणं मी कशाला सांगू? मी काय त्याचा वकील?" भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "ज्याचं म्हणणं तुम्हाला सांगता येत नाही, त्याच्याशी तुमचा वाद आहे हे मी कशावरून मानू?" आणि खरोखरच पुढची तारीख दिली.

कुणाकडचा चहा घेत नसत. "एकाचा प्यालो की दुसऱ्याचा प्यावा लागेल, आणि मला पित्त आहे." पाणी स्वतःचं, फिरकीच्या तांब्यात. कुळाला "अहो" म्हणायचे. एका म्हाताऱ्या कुळाला त्यांनी "या, बसा" म्हटलं, तर त्यानं मागं वळून पाहिलं, कोण मोठं माणूस आलंय म्हणून.

एकदा सकाळी त्यांच्या खोलीच्या दारात कुणीतरी केळ्यांचा घड ठेवून गेलं. वेलचीची केळी, पिकायला आलेली, वासानं गल्ली भरलेली. दुसऱ्या कुणी खाल्ली असती, नाहीतर परत पाठवली असती. पण परत पाठवायची कुणाला? भाऊसाहेबांनी शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावलं, मला कागद आणायला लावला आणि रीतसर पंचनामा केला: "बेवारस केळ्यांचा घड, नग एक." मग कचेरीच्या आवारात त्याचा लिलाव. बोली कुणी बोलेना. शेवटी मी आठ आण्यांना घेतला, कारण घरी बायकोला डोहाळे लागले होते. ते पैसे त्यांनी सरकारजमा केले. मामलेदार रावसाहेब आठ दिवस कचेरीभर ती पावती दाखवून हसत होते. भाऊसाहेबांना त्यात हसण्यासारखं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मीही रावसाहेबांसारखाच हसायचो. मनातून मी त्यांना अर्धवट समजत होतो. जोमाचं प्रकरण आलं आणि माझं मत हळूहळू फिरलं.

जोमा खाडीकाठच्या एका गावातलं कूळ. जातीनं आगरी, अंगानं काटक, बोलायला कमी. त्याची जमीन खार. म्हणजे खाडीच्या बांधाच्या आतली; बांधात पाणी सोडायला उघाडी, म्हणजे लाकडी झडप. बांध धड असेल तर भात उत्तम. उधाणाला बांध फुटून खारं पाणी आत आलं, तर दोन-तीन वर्षं गवतसुद्धा धड उगवत नाही. मालक गावचा खोत. खोती कायद्यानं गेली होती, पण नाव राहिलं होतं आणि रुबाबही. साठी उलटलेला, गोरापान, ताठ माणूस.

जमिनीची किंमत ठरवायच्या आधी कुळाला विचारावं लागतं, जमीन घ्यायची आहे का. कुळानं 'नको' म्हटलं की खरेदी बारगळते आणि जमीन मालकाकडे परत जाण्याची वाट मोकळी होते. जोमा कचेरीत आला तो थेट टेबलापाशी येऊन म्हणाला, "मना जमीन नको. लिवून घ्या." पाठ केल्यासारखं. नजर जमिनीवर. मी दौत पुढं ओढली. 'नको' म्हणणारी कुळं त्या दिवसांत रोज येत, त्यांच्यामागून मालकाचा माणूस दारात उभा असे, आणि माझ्यासारखे लिहिणारे लिहून घेत.

भाऊसाहेब म्हणाले, "थांबा. इथं नाही. ज्यांना नको म्हणायचं आहे, त्यांनी जमिनीत उभं राहून म्हणायचं."

चार दिवसांनी आम्ही होडीतून गेलो. पाढे झाले. खोत छत्री घेऊन आले होते. जोमा होता आणि त्याच्या मागं पदर खोचून त्याची बायको बारकीबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. लावणी होऊन गेली होती, शेतात पोटरीभर पाणी. भाऊसाहेबांनी धोतर वर घेतलं आणि जोमाच्या बरोबर स्वतः चिखलात उतरले. मधोमध उभे राहिले.

"हं, म्हणा आता."

जोमा उभा. वारा सुटलेला, भाताची रोपं हलताहेत. तो खाली बघत राहिला. एकदा तोंड उघडलं, मिटलं. मग पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरायला लागला, लहान पोरासारखा. खोत बांधावरून म्हणाले, "अरे बोल की! कचेरीत बोललास ना?"

"बोलवत न्हाय," जोमा म्हणाला.

तेवढ्यात बारकीबाई बांधावरून ओरडली, "आमाना जमीन पायजे! ह्यो बांध माज्या सासऱ्यानं बांधलाय. उधाणाचं पाणी आलं तवा माजा दीर ह्या उघाडीत उभा ऱ्हायला, अंगानं पाणी अडवून. आनी हे नको म्हनतान? कुनाच्या भ्यानं म्हनतान?"

भाऊसाहेब वळले. "बाई, तुम्ही सांगा. कुणाच्या?"

मग सगळं बाहेर आलं. खोतांनी जोमाला सांगितलं होतं, की जमीन हवी म्हणशील तर तीन वर्षांचा थकलेला खंड आधी मोज. नको म्हण, मी थकबाकीचं नाव काढत नाही. आणि जोमाचं म्हणणं होतं, की तो खंड त्यानं कधीच फेडला आहे. मुंबईला गोदीत वर्षभर राबून आणलेले पैसे खोतांच्या ओटीवर नेऊन दिले. पण पावती नाही. पुन्हा तेवढे पैसे कुठून आणायचे, म्हणून 'नको'.

भाऊसाहेबांनी जोमाकडून दोन ओळींचा अर्ज लिहून घेतला. मीच तो लिहिला. "तीन वर्षांचा खंड रोख रकमेने खोतांस दिला आहे, सबब थकबाकी नाही." एवढंच. खाली अंगठा. खोतांनी उलट जबाब दिला, की एक पैही पोचलेली नाही.

पंधरा दिवसांनी त्याच बांधावर सुनावणी. फेरी झाली. गोणपाटावर बसलो. भाऊसाहेब खोतांना म्हणाले, "ह्यांचं म्हणणं काय आहे, ते आपण सांगा. नीट सांगा. ह्यांच्या जागी असतात तर जसं सांगितलं असतंत, तसं."

खोत हसले. खोतांचा बोलण्यात हातखंडा. गावची भांडणं ओटीवर बसून तोडलेला माणूस. पानाची चंची उघडत ते सांगायला लागले, "ह्याचं म्हणणं असं, की हा शिमग्याच्या आधी माझ्याकडे आला. मी ओटीवर बसलो होतो. होडी नव्हती म्हणून खाडी पाण्यातनंच उतरून आला. कनवटीची पुरचुंडी सोडली. त्या ओल्या नोटा माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाला..."

खोत थांबले. हातातली सुपारी हातातच राहिली.

मी अर्ज लिहिला होता, म्हणून मला कळलं. अर्जात होडी नव्हती. शिमगा नव्हता. ओल्या नोटा तर नव्हत्याच. जोमानं ह्यातलं काही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी भाऊसाहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे धरणार. मी धरलं असतं. चार माणसांत खोताला उघडं पाडायची संधी त्या काळी कुणाला मिळत होती? भाऊसाहेब मात्र वहीकडे बघत होते. मग त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मला तहान लागलीय. अर्धा तास थांबू. जोमाजी, तुम्ही बाईंना घेऊन उघाडीपर्यंत जाऊन या."

जोमा गेला. बांधावर आम्ही तिघं. भाऊसाहेबांनी तांब्याची फिरकी उघडली, पेला भरला आणि स्वतः न पिता तो खोतांपुढं धरला. खोत पाणी प्याले. पाण्यात बगळे चालत होते.

मग खोत म्हणाले, "मीच वाळत घातल्या त्या नोटा. झोपाळ्यावर. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर अडकित्ता ठेवला होता."

"मग?"

"त्यानं पावती मागितली, भाऊसाहेब. माझ्या बापाच्या ओटीवर उभं राहून माझ्याकडे पावती मागितली. माझ्या आज्यानं शब्दावर ह्याच्या आज्याला जमीन दिली. मी म्हटलं, पावती पाहिजे काय तुला? मग बघच."

भाऊसाहेब म्हणाले, "पावती मागितली ती अविश्वासानं नव्हे हो. तुमच्यानंतर तुमचा मुलगा असेल, ह्यांच्यानंतर ह्यांचा. त्या दोघांना तुमचा शब्द कुठून ऐकू येणार?"

खोतांनी रिकामा पेला भाऊसाहेबांपुढं सरकवला आणि मान डोलावली.

जोमा परत आल्यावर भाऊसाहेबांनी मला सांगितलं आणि मी लिहिलं: "खोतांनी स्मरण करून रक्कम पोचल्याचे मान्य केले." स्मरण करून! मी लिहिता लिहिता वर पाहिलं. ते म्हणाले, "लिहा. आठवलं त्यांना. खोटं काय आहे त्यात?" मग स्वतःचं पेन त्यांनी खोतांना दिलं. खोतांनी मांडी घालून, मोत्यासारख्या अक्षरात तीन वर्षांची पावती लिहिली आणि उठून जोमाच्या हातात दिली. जोमानं ती दोन्ही हातांनी घेतली. बारकीबाई रडत होती, पण पदराआड. परतीच्या होडीत भाऊसाहेबांचे पाढे सुरू झाले तेव्हा मी हसलो नाही.

जमिनीची किंमत ठरली, हप्ते ठरले. जोमा दर वर्षी भात विकून यायचा. कुळानं पैसे आणले की मी चलन लिहायचं, भाऊसाहेबांनी सही करायची आणि कुळानं ते पैसे तिजोरीत भरायचे, अशी रीत होती. पहिले दोन हप्ते सुरळीत गेले.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला खोतांच्या मुलाचा अर्ज आला. मुलगा मुंबईत वकील झाला होता. अर्जात होतं, की कुळानं हप्ता भरलेला नाही, नोटीस बजावून मुदतही उलटली, सबब खरेदी रद्द करून जमीन मालकास परत द्यावी. मला आश्चर्य वाटलं, कारण जोमा पैसे घेऊन आला होता हे मला पक्कं आठवत होतं. डोक्यावरच्या टोपलीत बारकीबाईनं माझ्यासाठी दिलेल्या तांदळाच्या पापड्या होत्या, आणि भाऊसाहेबांनी त्या त्याला परत न्यायला लावल्या होत्या.

रविवार होता. कचेरीची किल्ली माझ्याकडे असायची. दुपारी जाऊन चलनांची फाईल काढली. चलन सापडलं. मी ते खिडकीपाशी नेऊन पुन्हा वाचलं. जोमाचा सर्व्हे नंबर एकशे चौदा. चलनावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं एकशे एक्केचाळीस. आकडे उलटे पडले होते. तिजोरीत नंबरच बघत, म्हणून पैसे भलत्याच कुळाच्या खात्यात जमा झाले होते, ते खातं बंद झालं होतं आणि त्या मालकाला रक्कम पोचतीही झाली होती. जोमाला वाचता येत नव्हतं. नोटीस आली तेव्हा आपण पैसे भरलेत ह्या भरवशावर त्यानं ती घराच्या वळचणीला खोचून ठेवली होती.

मी फाईल घेऊन भाऊसाहेबांच्या खोलीवर गेलो. ते स्टोव्हवर पिठलं करत होते. माझं तोंड बघून म्हणाले, "जेवलात का?" मी फाईल उघडून दाखवली. त्यांनी बघितलं, स्टोव्ह बारीक केला, पुन्हा बघितलं.

मी म्हटलं, "हे अजून कुणाला माहीत नाही. चौदाचं एक्केचाळीस झालंय. एक रेघ इकडची तिकडं केली तर..."

"तर काय?"

"तर माझी नोकरी वाचेल. मूल लहान आहे हो माझं."

भाऊसाहेबांनी पातेलं खाली उतरवलं. पिठल्याचा वास खोलीत पसरला होता. ते म्हणाले, "रेघ फिरवली तर चलन बरोबर होईल. तिजोरीच्या वहीतलं कोण फिरवणार? आणि ते फिरवलंत, तर उद्या दुसरा कुणी जोमाचं नाव असंच एका रेघेनं काढून टाकेल, तेव्हा त्याला काय म्हणाल?" जरा थांबून म्हणाले, "बसा. आधी जेवा. शाई तुमची आहे, सही माझी आहे. उद्या बोलायचं ते मी बोलेन."

सुनावणी त्या वेळीही बांधावरच झाली. ह्या खेपेला काळा कोट घातलेला खोतांचा मुलगा होता, त्याच्या शेजारी खोत होते. जोमा आणि बारकीबाई समोर. जोमा तोंडानं एकच म्हणत होता, "म्या भरलं हाय. देवाशपथ भरलं हाय."

भाऊसाहेब गोणपाटावर बसले नाहीत. उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पांढऱ्या केसांवर टोपीची खूण पडली होती. त्यांना मी कधी बोडक्यानं पाहिलं नव्हतं.

"जोमाजी," ते म्हणाले, "तुम्ही पैसे भरलेत. चलनावर नंबर चुकीचा पडला. चूक ह्या कचेरीची आहे. त्या चलनावर माझी सही आहे, म्हणजे चूक माझी. नोटीस पाठवली तीही मी. तुमची माफी मागतो." आणि त्यांनी हात जोडले.

जोमा घाबरला. उठून मागं सरला. सरकारी माणूस हात जोडतो म्हणजे काहीतरी भयंकर घडलं, अशी त्याची समजूत. बारकीबाईनं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

वकील मात्र ताडकन उठला. "हे आपण कबूल केलंत, ठीक आहे. पण साहेब, कायदा कागदावर चालतो. ह्या सर्व्हे नंबरावर हप्ता जमा नाही. मुदत उलटलेली आहे. आपण विरुद्ध निकाल दिलात तर मी वर अपिलात जाईन, आणि अपील पाच वर्षं चालेल. तोपर्यंत..."

"बस खाली," खोत म्हणाले.

"पण नाना..."

"बस म्हणतो ना!" म्हातारा काठी टेकत उठला. सगळ्या शेतावरून त्यांनी एकदा नजर फिरवली. मग भाऊसाहेबांकडे बघत म्हणाले, "साठ वर्षांत मी कचेऱ्या पाहिल्या. इंग्रजाची पाहिली, ही पाहिली. चूक आमची, असं म्हणणारी कचेरी आज पहिल्यांदा पाहिली. माझी चूक झाली तेव्हा तुम्ही मला पाणी दिलंत, भाऊसाहेब. आता तुम्ही टोपी घाला. ऊन आहे." आणि मुलाकडे हात केला. "अर्ज दे इकडे." अर्ज घेऊन त्यांनी त्याच्यावर स्वतः लिहिलं, "मागे घेतला", आणि खाली सही केली.

निकालाच्या कागदात भाऊसाहेबांनी चूक कुणाची ते स्पष्ट लिहिलं. माझं नाव नव्हतं. चुकीच्या खात्यातले पैसे वळते करून घ्यायला सात महिने लागले, आणि तेवढ्या काळात त्यांच्याकडे वरून तीन खुलासे मागितले गेले. रावसाहेब त्यांना म्हणाले, "अहो, लिहिणाऱ्यावर ढकला आणि मोकळे व्हा. वर्षावर मामलेदारी आलीय तुमची." भाऊसाहेबांनी खुलासा तोच दिला, तिन्ही वेळा, शब्द न बदलता. वेतनवाढ रोखली गेली. मामलेदारी गेली. त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान माणूस त्यांच्या डोक्यावर येऊन बसला आणि भाऊसाहेब त्याला पहिल्या दिवसापासून "रावसाहेब" म्हणाले, अगदी मनापासून.

मी एकदा धीर करून विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं की," ते म्हणाले. "मामलेदाराला घोडा मिळतो. होडीतनं कमी जावं लागलं असतं."

अव्वल कारकून म्हणूनच ते निवृत्त झाले. ज्या दिवशी गाव सोडून निघाले, त्या दिवशी धक्क्यावर पन्नास-साठ माणसं होती. त्यांत कुळं होती, तसे मालकही होते. ज्यांच्याविरुद्ध निकाल गेले होते, असेसुद्धा. कुणी फुलं आणली नव्हती, कारण घेणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. नुसते उभे होते. लाँच सुटली तसे भाऊसाहेबांनी डोळे घट्ट मिटले आणि ओठ हलायला लागले.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी जोमानं शेवटचा हप्ता भरला. तोवर मी स्वतः अव्वल कारकून झालो होतो, पण न्यायाधिकरणावर दुसरे अधिकारी होते. दाखला तयार झाला. जोमा आणि बारकीबाई तो घ्यायला आले. जोमाच्या अंगावर नवा सदरा, घडीच्या रेघांसकट. मी दाखला वाचून दाखवला: गाव, सर्व्हे नंबर एकशे चौदा, क्षेत्र, आकार, खरेदीदाराचं नाव. स्वतःचं नाव ऐकताना जोमानं मान खाली घातली. तीन पिढ्या खंड घातलेल्या घरातलं, मालक म्हणून कागदावर आलेलं ते पहिलं नाव.

"ह्यात भाऊसाहेबांचा नाव कुटं हाय?" त्यानं विचारलं.

"नाही. सही आताच्या साहेबांची आहे."

"मंग तुमी लिवा."

"सरकारी कागद आहे, जोमाजी. मला त्यात लिहिता येत नाही."

जोमा बायकोकडे बघायला लागला. बारकीबाई जरा विचार करून म्हणाली, "आमाना त्येंचा नाव ठाव न्हाय. सगली भाऊसाहेबच म्हनत. तुमी लिवू नका. तोंडानं बोला. आमी ध्यानात ठेवू, पोरांना सांगू."

मी दाखला टेबलावर ठेवला. कचेरी भरलेली होती. टेबलांवर कारकून लिहीत होते, दारात कुळं खोळंबली होती, आतल्या खोलीत नवे साहेब बसले होते. मी खुर्ची मागं सारून उभा राहिलो आणि भाऊसाहेबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट, असं मोठ्यानं उच्चारलं की सगळ्या कचेरीतल्या लेखण्या थांबल्या.

जोमानं ते नाव माझ्यामागून म्हटलं. मग बारकीबाईनं म्हटलं. दोघांचं बरोबर आलं का ते बघायला मी ते त्यांच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.